स्वराज द्वीप येथील डायव्हिंग पर्यटन

स्वराज द्वीप (पूर्वीचे नाव: हॅवलॉक बेट) हे भारताच्या अंदमान आणि निकोबार द्वीपसमूह या केंद्रशासित प्रदेशातील एक बेट आहे. ते दक्षिण अंदमान बेटाच्या पूर्वेस असलेल्या रिची द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट असून राजधानी पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून अधिकृत नाव: श्री विजयपुरम) ईशान्येस सुमारे ४० कि.मी. अंतरावर आहे. प्रवाळभित्ती, पांढऱ्या वाळूचे किनारे आणि सदाहरित जंगल यांमुळे हे बेट भारतातील स्कूबा डायव्हिंगचे एक प्रमुख केंद्र बनले आहे. येथील सहलीची आखणी मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : समुद्राचा ऋतू, बोटींचे वेळापत्रक आणि शेवटची बुडी व परतीचे विमान यांमध्ये ठेवावे लागणारे अंतर.

नाव आणि इतिहास

बेटाचे जुने नाव ब्रिटिश सेनानी सर हेन्री हॅवलॉक यांच्यावरून पडले होते. १८५७ च्या उठावात लखनौच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले होते व त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या महायुद्धात अंदमान जपानच्या ताब्यात असताना सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला आणि या बेटांना 'शहीद' व 'स्वराज' ही नावे सुचवली. त्या घटनेच्या पंचाहत्तराव्या वर्धापनदिनी, ३० डिसेंबर २०१८ रोजी, हॅवलॉकचे नामकरण स्वराज द्वीप, शेजारच्या नील बेटाचे शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरसमोरील रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे करण्यात आले. स्थानिक व्यवहारात, तसेच पर्यटन व्यवसायात जुनी नावेही प्रचलित आहेत.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांचे १९५० च्या दशकात येथे पुनर्वसन करण्यात आले. त्यामुळे बेटावर बंगाली भाषा मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ६,००० हून थोडी अधिक होती. भातशेती, नारळ व सुपारीच्या बागा आणि मासेमारी हे जुने व्यवसाय असून आता पर्यटन हे उत्पन्नाचे मोठे साधन झाले आहे.

भूगोल

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ९२ चौ.कि.मी. आहे. वस्ती प्रामुख्याने उत्तर भागात असून गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर आणि राधानगर ही येथील गावे आहेत. उर्वरित बराचसा प्रदेश वनाच्छादित आहे. किनाऱ्यांना क्रमांकांनी ओळखण्याची येथे पद्धत आहे. गोविंदनगरचा किनारा ३ क्रमांकाचा, विजयनगरचा ५ क्रमांकाचा आणि राधानगरचा ७ क्रमांकाचा म्हणून ओळखला जातो. बहुतेक निवासस्थाने व डायव्हिंग केंद्रे पूर्व किनाऱ्यावर आहेत. या बाजूला समुद्र उथळ असून ओहोटीच्या वेळी पाणी बरेच आत जाते व खडक उघडे पडतात. पोहण्यासाठी वाळूचा तळ असलेला पश्चिमेकडील राधानगरचा किनारा अधिक सोयीचा मानला जातो.

हवामान आणि सहलीचा काळ

बेटाचे हवामान उष्ण कटिबंधीय व दमट असून येथे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः मे महिन्याच्या उत्तरार्धात सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत राहतो. त्यानंतर ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे डिसेंबरपर्यंत अधूनमधून पाऊस पडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे निर्माण होण्याची शक्यता असते. अशा वेळी बोटींची वाहतूक बंद ठेवली जाते व पर्यटक बेटावर अडकून पडतात.

डिसेंबरचा उत्तरार्ध ते एप्रिल हा डायव्हिंगसाठी सर्वांत अनुकूल काळ समजला जातो. या महिन्यांत, विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिल दरम्यान, समुद्र शांत व पाणी पारदर्शक असते. पाण्याचे तापमान वर्षभर साधारणतः २६ ते ३० अंश सेल्सिअस असल्याने पातळ वेटसूट पुरेसा होतो. पावसाळ्यात काही केंद्रे सुरू असतात. मात्र दूरच्या स्थळांकडे बोटी जाऊ शकत नाहीत.

आखणी करताना दिवसाच्या वेळेचाही विचार करावा लागतो. अंदमान द्वीपसमूह भारताच्या मुख्य भूमीच्या बऱ्याच पूर्वेस, सुमारे ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे. परंतु तेथे भारतीय प्रमाणवेळच पाळली जाते. त्यामुळे सूर्योदय लवकर होतो आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी ५ च्या सुमारास सूर्य मावळतो. डायव्हिंगच्या बोटी म्हणूनच सकाळी लवकर निघतात.

पोहोचण्याचे मार्ग

बेटावर विमानतळ नाही. प्रवासी प्रथम पोर्ट ब्लेअर येथील वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरतात. चेन्नई, कोलकाता, बंगळूर, दिल्ली इत्यादी शहरांतून तेथे विमाने जातात. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजेही सुटतात. या प्रवासास साधारणतः ३ ते ४ दिवस लागतात व जहाजांच्या फेऱ्या मोजक्याच असतात.

पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपाकडे शासकीय फेरीबोटी आणि खाजगी वेगवान बोटी जातात. वेगवान बोटीस सुमारे दीड तास, तर शासकीय बोटीस सुमारे अडीच तास लागतात. शासकीय बोटींचे भाडे कमी असल्याने व स्थानिक रहिवासीही त्यांवर अवलंबून असल्याने हंगामात त्यांची तिकिटे लवकर संपतात. दुपारी उतरणाऱ्या विमानाने आल्यास त्याच दिवशीची शेवटची बोट चुकण्याची शक्यता असते. म्हणून पहिली रात्र पोर्ट ब्लेअर येथे काढण्याचा प्रघात आहे.

या बेटासाठी भारतीय नागरिकांना विशेष परवाना लागत नाही. परदेशी नागरिकांसाठीच्या नोंदणीचे नियम वेळोवेळी बदललेले आहेत. आदिवासींसाठी राखीव असलेल्या क्षेत्रांत मात्र १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमानुसार बाहेरील व्यक्तींना प्रवेशबंदी आहे.

डायव्हिंगचे प्रकार आणि प्रशिक्षण

बेटावर येणारे पर्यटक तीन प्रकारे पाण्याखालचे जग पाहतात.

स्नॉर्केलिंग : मास्क व श्वासनलिका लावून पृष्ठभागावर तरंगत उथळ पाण्यातील प्रवाळ पाहणे. यासाठी प्रशिक्षण लागत नाही. एलिफंट बीच हे त्याचे प्रमुख ठिकाण आहे.

परिचयात्मक डायव्हिंग : प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीस प्रशिक्षक स्वतः सोबत राहून पाण्याखाली नेतो. अशा बुडीत कमाल खोली १२ मीटर असते. प्रत्यक्षात ती बहुधा याहून कमी ठेवली जाते. पोहता न येणाऱ्या व्यक्तीही यात भाग घेतात. तथापि त्याआधी उथळ पाण्यात रेग्युलेटरने श्वास घेणे, मास्कमधील पाणी काढणे आणि कानांवरील दाब समान करणे यांचा सराव होणे आवश्यक असते.

प्रमाणपत्र अभ्यासक्रम : 'ओपन वॉटर' हा पहिला अभ्यासक्रम ३ ते ४ दिवसांचा असतो. त्यात सिद्धान्त, मर्यादित पाण्यातील सराव आणि खुल्या समुद्रातील ४ बुड्या यांचा समावेश होतो. हे प्रमाणपत्र मिळाल्यावर सहकाऱ्यासोबत १८ मीटर खोलीपर्यंत जाता येते. पुढील 'ॲडव्हान्स्ड' अभ्यासक्रमानंतर ही मर्यादा ३० मीटर होते. 'ओपन वॉटर' अभ्यासक्रमासाठी किमान वय सामान्यतः १० वर्षे असून त्यासाठी पोहता येणे आवश्यक असते. सिद्धान्ताचा भाग घरून ऑनलाइन पूर्ण केल्यास बेटावरील एक दिवस वाचतो.

महाराष्ट्रातील अनेक पर्यटकांनी पहिली परिचयात्मक बुडी मालवण येथे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात घेतलेली असते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. कोकण किनाऱ्यावर नद्यांच्या गाळामुळे पाण्यातील दृश्यमानता कमी राहते. अंदमानात मोठ्या नद्या नसल्याने कोरड्या हंगामात तुलनेने अधिक दूरवर दिसते. मात्र अनेक स्थळे खोल व प्रवाहयुक्त असल्याने तेथे अनुभवाची अधिक गरज भासते.

प्रमुख डायव्हिंग स्थळे

नेमो रीफ हे किनाऱ्यावरून चालत जाता येण्याजोगे उथळ स्थळ असून बहुतेक परिचयात्मक बुड्या येथेच होतात. समुद्रफुलांच्या आश्रयाने राहणाऱ्या विदूषक माशांवरून त्याला हे नाव पडले आहे. लाइटहाउस आणि ॲक्वेरियम ही स्थळेही नवशिक्यांसाठी योग्य मानली जातात. 'द वॉल' हा बंदराजवळील पाण्याखालचा कडा असून तो टप्प्याटप्प्याने खोल उतरत जातो. त्यावर मऊ प्रवाळ व माशांचे थवे आढळतात.

डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार आणि मिनर्व्हा लेज ही दूरच्या समुद्रातील स्थळे अनुभवी डायव्हरसाठी आहेत. तेथे बोटीने जावे लागते व प्रवाह तीव्र असू शकतात. बराकुडा, तांबोशीच्या जातीचे मासे, मोठे हेकरू, पाकट, समुद्री कासवे आणि कधीकधी प्रवाळभित्तीवरील शार्क तेथे दिसतात. 'एस.एस. इंचकेट' या बुडालेल्या जहाजाचे अवशेषही या परिसरातील एक डायव्हिंग स्थळ आहे.

सुरक्षितता

पाण्याखाली दर १० मीटरला सुमारे १ वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागाच्या तुलनेत १० मीटरवर दाब दुप्पट, तर ३० मीटरवर चौपट असतो. बॉइलच्या नियमानुसार दाब कमी झाला की वायूचे आकारमान वाढते. त्यामुळे १० मीटरवर फुफ्फुसे हवेने भरून, श्वास रोखून वर आल्यास आतील हवा दुपटीपर्यंत प्रसरण पावू पाहते व फुफ्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. 'श्वास कधीही रोखू नये' हा स्कूबा डायव्हिंगचा पहिला नियम यातूनच आला आहे.

दुसरा धोका नायट्रोजनचा असतो. वाढलेल्या दाबाखाली श्वसनातील नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये विरघळतो. डायव्हर सावकाश वर आल्यास तो फुफ्फुसांवाटे बाहेर पडतो. वेगाने वर आल्यास त्याचे बुडबुडे तयार होऊन सांधेदुखी, बधिरपणा, चक्कर किंवा पक्षाघात अशी लक्षणे दिसू शकतात. या विकारास डिकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. तो टाळण्यासाठी वर येताना ५ मीटर खोलीवर सुमारे ३ मिनिटे थांबण्याची पद्धत आहे.

हाच नियम विमानप्रवासालाही लागू होतो. उड्डाणादरम्यान विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा कमी असतो. तो सुमारे २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका खाली येऊ शकतो. शरीरात उरलेला नायट्रोजन अशा वेळी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. डायव्हिंग वैद्यकातील प्रचलित मार्गदर्शक सूचनांनुसार एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, तर एकाच दिवशी अनेक किंवा सलग अनेक दिवस बुड्या घेतल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. बहुतेक केंद्रे सोयीसाठी २४ तासांचे अंतर सुचवतात. डिकम्प्रेशन सिकनेसवरील उपचारांसाठी लागणारा उच्चदाब कक्ष स्वराज द्वीपावर नाही. पोर्ट ब्लेअर येथील नौदलाच्या सुविधेवर अवलंबून राहावे लागते. रुग्णाला समुद्रमार्गे तेथे नेण्यात काही तास जात असल्याने प्रतिबंधाला अधिक महत्त्व आहे.

बुडीपूर्वी आरोग्यविषयक प्रश्नावली भरून घेतली जाते. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाचे विकार किंवा अलीकडील शस्त्रक्रिया असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्राची आवश्यकता असते. गर्भवती स्त्रियांनी डायव्हिंग करू नये असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. सर्दी असताना कानांवरील दाब समान करता येत नाही व कानाच्या पडद्यास इजा होऊ शकते. सहल वाया जाईल या भीतीने आजार लपवणे हे टाळता येण्याजोग्या दुर्घटनांचे कारण ठरते. म्हणून आखणीतच एखादा राखीव दिवस ठेवणे उपयुक्त असते.

अंदमानातील खाड्या व खारफुटीची जंगले हे खाऱ्या पाण्यातील मगरींचे नैसर्गिक अधिवास आहेत. एप्रिल २०१० मध्ये राधानगरनजीक स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा घटना विरळ असल्या, तरी खाड्यांच्या मुखाशी, तसेच इशारा-फलक लावलेल्या ठिकाणी पाण्यात न उतरणे आणि जीवरक्षकांच्या सूचना पाळणे आवश्यक आहे.

प्रेक्षणीय स्थळे

राधानगर किनारा : बंदरापासून सुमारे १२ कि.मी. अंतरावरील हा पश्चिमाभिमुख किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले होते. २०२० मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले.

कालापत्थर किनारा : काळ्या खडकांवरून नाव पडलेला हा पूर्व किनारा सूर्योदय पाहण्यासाठी सोयीचा आहे.

एलिफंट बीच : येथे बंदरातून बोटीने किंवा जंगलातील पायवाटेने जाता येते. लाकूडतोडीच्या काळात अंदमानात ओंडके ओढण्यासाठी हत्ती आणले गेले व त्यांना बेटांदरम्यान पोहत नेले जाई. त्यांपैकी राजन हा हत्ती लाकूडतोड थांबल्यानंतर या बेटावर समुद्रात पोहणारा हत्ती म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

खारफुटीतील कयाक सफर : अमावस्येच्या आसपासच्या अंधाऱ्या रात्री पाण्यातील सूक्ष्मजीवांमुळे निर्माण होणारी जैवदीप्ती पाहता येते. चांदण्या रात्री ती जवळजवळ दिसत नाही.

शहीद द्वीप : स्वराज द्वीपापासून बोटीने सुमारे एक तासाच्या अंतरावर असून तेथील नैसर्गिक खडकाची कमान ओहोटीच्या वेळी जवळून पाहता येते.

सेल्युलर जेल, पोर्ट ब्लेअर : १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मूळ सात शाखांपैकी तीन आज शिल्लक आहेत. विनायक दामोदर सावरकर यांना १९११ ते १९२१ या काळात येथे ठेवण्यात आले होते. त्यांचे ज्येष्ठ बंधू गणेश (बाबाराव) सावरकर हेही येथेच शिक्षा भोगत होते. 'माझी जन्मठेप' या सावरकरांच्या पुस्तकामुळे हे स्थान मराठी वाचकांना विशेष परिचित आहे. १९७९ मध्ये तुरुंगास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

बाराटांग येथील चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. वाहने ताफ्यानेच सोडली जातात आणि थांबणे, छायाचित्रे काढणे किंवा अन्नपदार्थ देणे यांस बंदी आहे. जारवांना 'पाहण्यासाठी' होणाऱ्या सहलींवर मानवी हक्क कार्यकर्त्यांनी तीव्र टीका केली आहे.

सहलीची आखणी

डायव्हिंग व स्थलदर्शन यांचा मेळ घालण्यासाठी साधारणतः ७ दिवस पुरेसे होतात. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर येथे पोहोचून मुक्काम केला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप गाठून दुपारी उथळ पाण्यातील सराव करता येतो. तिसरा, चौथा व पाचवा दिवस बुड्यांसाठी ठेवला जातो. समुद्रातील कार्यक्रम दुपारपर्यंत संपत असल्याने सायंकाळी राधानगरसारखी स्थळे पाहता येतात. सहाव्या दिवशी पोर्ट ब्लेअरला परतून सेल्युलर जेल पाहिला जातो व सातव्या दिवशी विमान पकडले जाते.

या क्रमात डायव्हिंग आधी व पोर्ट ब्लेअरमधील स्थलदर्शन शेवटी ठेवलेले असते. त्यामुळे शेवटची बुडी व विमान यांमधील आवश्यक अंतर आपोआप पाळले जाते. शिवाय खराब हवामानामुळे सहाव्या दिवशीची बोट रद्द झाली, तर सातव्या दिवशी सकाळी निघण्याची एक संधी उरते. याउलट, शेवटच्या दिवशी बुडी घेऊन त्याच दिवशी बोट व विमान गाठण्याची आखणी आरोग्य आणि वेळापत्रक या दोन्ही दृष्टींनी धोक्याची ठरते.

डायव्हिंग केंद्र निवडताना दराखेरीज प्रशिक्षकाचे वैध प्रमाणपत्र, एका प्रशिक्षकामागे असणारी शिकाऊंची संख्या, उपकरणांची निगा आणि बोटीवरील प्राणवायूची सोय या बाबी तपासल्या जातात. सर्वसाधारण प्रवास विम्यात स्कूबा डायव्हिंगचा समावेश असेलच असे नाही. तो पाहून घ्यावा लागतो. बेटावर मोबाइल व इंटरनेट सेवा मुख्य भूमीइतकी भरवशाची नसल्याने रोख रक्कम व तिकिटांच्या छापील प्रती जवळ ठेवण्याची प्रथा आहे.

प्रवाळांची स्थिती आणि संरक्षण

प्रवाळ हे वसाहतीने राहणारे प्राणी असून त्यांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाले असतात. शैवालांकडून त्यांना अन्न व रंग मिळतो. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा सुमारे १ अंश सेल्सिअसने अधिक वाढून काही आठवडे तसेच राहिल्यास प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात व पांढरे पडतात. या प्रक्रियेस प्रवाळ विरंजन म्हणतात. पाणी लवकर थंड झाल्यास प्रवाळ सावरू शकतात. अन्यथा ते उपासमारीने मरतात. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानातील प्रवाळभित्तींचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले व अनेक उथळ भित्तींची हानी झाली. २०१६ मध्येही विरंजनाची नोंद झाली. बेटाच्या अर्थव्यवस्थेचा मोठा भाग या भित्तींवर अवलंबून असल्याने हा केवळ पर्यावरणाचा प्रश्न राहिलेला नाही.

तापमानवाढ स्थानिक उपायांनी थांबवता येत नाही. परंतु पर्यटनाचा अतिरिक्त ताण कमी करता येतो. प्रवाळांवर उभे राहणे, त्यांना स्पर्श करणे, फिन्सने गाळ उडवणे आणि भित्तीवर नांगर टाकणे यांमुळे अनेक वर्षांत झालेली वाढ क्षणार्धात नष्ट होते. फांद्यांसारख्या आकाराचे प्रवाळ वर्षाला काही सेंटीमीटर वाढतात, तर दगडासारखे भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतात. पाण्यात समतोल तरंगण्याचे कौशल्य त्यामुळे डायव्हरच्या सुरक्षिततेइतकेच प्रवाळांच्या रक्षणासाठीही महत्त्वाचे ठरते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण असून जिवंत वा मृत प्रवाळ गोळा करणे, बाळगणे व नेणे हा गुन्हा आहे. काही जातींच्या शंख-शिंपल्यांनाही असेच संरक्षण आहे. विमानतळावर सामानाची तपासणी होत असल्याने किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडाही कारवाईस कारणीभूत ठरू शकतो. रिची द्वीपसमूहातील काही बेटे व त्यांभोवतालचा समुद्र १९९६ मध्ये राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करण्यात आला. अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी असलेला ड्यूगाँग हा समुद्री गवतावर जगणारा सस्तन प्राणी या परिसरात आढळतो.